विहारात मी चुकीचं सांगितलं

मला सिकलसेल असल्याचं नववीत कळलं. आता मी तेहतीस वर्षांची आहे, दारव्ह्याच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तुझ्या आजारपणाचं लिही, दुसऱ्यांना धीर येईल, असं मला अनेकांनी सांगितलं. मी टाळत राहिले. यंदा मात्र लिहायलाच हवं, कारण मी लोकांना एक गोष्ट चुकीची शिकवली आणि ती माझ्याच घरात येऊन पडली.

लाल कार्ड

शाळेत रक्ततपासणीची गाडी आली होती. सगळ्यांच्या बोटाला टोचून थेंब घेतला. माझं रक्त दुसऱ्यांदा घेतलं, दंडातून, नळीभर. मैत्रिणी म्हणाल्या, "हिचं रक्त चांगलं असन, म्हणून जास्त घेतलं." मला ते खरं वाटलं. मी दिवसभर तो कापसाचा बोळा दंडावर दाबून मिरवत होते.

काही आठवड्यांनी आमचे वर्गशिक्षक हातात कार्डं घेऊन आले. बहुतेकांना काहीच मिळालं नाही. काहींना पिवळं मिळालं. माझा धाकटा भाऊ राहुल त्याच शाळेत सहावीत होता, त्याचंही पिवळं. लाल कार्ड अख्ख्या शाळेत दोघींना. त्यातली एक मी.

घरी आईने दोन्ही कार्डं उलटीपालटी करून पाहिली. तिला वाचता येत नाही, पण रेशनकार्डाचे रंग तिला माहीत होते.

"राहुलचं पिवळं हाये, बरं झालं. पिवळ्यावर धान्य भेटते," ती म्हणाली. "तुह्या लालवर काय भेटते वं?"

"माहीत नाही."

"मास्तरले इचार उद्या. लवकर जाजो, नाई तं यादी भरून जाईन."

आणि तिने ती दोन्ही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी विचारायची गरज पडली नाही. सर स्वतःच सायकलने आमच्या गावाला आले. बोरी अरबपासून आत, कच्च्या रस्त्याने. अंगणातल्या बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ पिकांचं विचारत राहिले. मग म्हणाले की हे कार्ड धान्याचं नाही. हा रक्ताचा आजार आहे, आईवडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाकडून आला तर पिवळं कार्ड, त्या माणसाला त्रास होत नाही, पण तो आजार पुढे नेतो. दोघांकडूनही आला तर लाल.

"म्हणजे आमचंच?" बाबांनी विचारलं.

"तुमचं दोघांचंही पिवळं असणार. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच."

आई उठली, आत गेली. पिशवीतून ती दोन कार्डं काढून तिने वेगळ्या डब्यात ठेवली. तोपर्यंत माझ्या दुखण्याला घरात वाढीचं दुखणं म्हणत, वात म्हणत. निरगुडीचा शेक झाला होता, गळ्यात गंडा झाला होता. त्या दिवशी सगळ्याला एकच नाव मिळालं आणि ते आमच्या दोन्ही पालकांच्या रक्तातून निघालं.

निघताना सरांनी बाबांना बजावलं, "शाळा बंद करू नका. घरात बसवून ती बरी होणार नाही." हे एक वाक्य ते बोलले नसते तर मी आज लिहू शकले नसते.

वॉर्ड

पाठ्यपुस्तकातलं मी सांगत नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, एवढं पुरे. अडकल्या की दुखतं. ते दुखणं आधी वर्दी देतं. पोटऱ्या जड होतात, अंगात कंटाळा भरतो, डोळे पिवळसर दिसतात. मग हाडाच्या आतून सुरू होतं. बाहेरून हात लावायला जागाच नसते. आई पाय चेपायला यायची आणि मी ओरडून तिचा हात झटकायचे. मग ती कोपऱ्यात बसून स्वतःचेच पाय चेपायची.

थंडीत जास्त. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे शेतात, आणि मी घोंगडी पांघरून चुलीजवळ. अशाच एका सकाळी बाबांनी मला बोरी अरबच्या फाट्यावर काळीपिवळी जीपमध्ये घातलं. आत बारा-चौदा माणसं होती. कोणाला यवतमाळच्या कोर्टात जायचं होतं, कोणाला बाजारात. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि वाटेत कुठेही न थांबता गाडी थेट दवाखान्याच्या फाटकात नेली. कोणीही कुरकुर केली नाही. कोर्टात जाणारा माणूस माझी पिशवी घेऊन आतपर्यंत आला. त्याचं नाव मला माहीत नाही.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मला वर्षानुवर्षं ओळखत. मी दिसले की म्हणायच्या, "आली का आमची बी.एस्सी.! या वेळी कोणतं वर्ष?" माझी उजव्या मनगटाजवळची एकच शीर कामाची उरली आहे. ती त्यांना पाठ होती. नव्या मुलींना त्या टोचू देत नसत. सलाईन, ऑक्सिजन, दुखण्याचं इंजेक्शन, गरम पाण्याच्या पिशव्या. सकाळी सहाला फरशी पुसली जाई तेव्हा खाली झोपलेल्या सगळ्या आया एकदम उठून पाय वर घेऊन बसत. माझी आईही. दुसऱ्या वर्षाचा एक पेपर मी हातात सुईची पट्टी तशीच ठेवून दिला. किती अनोळखी माणसांचं रक्त माझ्या अंगात गेलं याची मोजदाद नाही. त्यांच्यातल्या एकालाही मी धन्यवाद म्हणू शकलेले नाही.

आता रोज गोळी घेते. त्यामुळे बरं आहे. वर्षातून दोनदा भरती व्हावं लागतं, आधी सहा-सात वेळा लागायचं.

पिवळं आणि पिवळं

माझ्यामुळे घरात एक नियम पडला होता. राहुलसाठी स्थळ आलं की चहाच्या आधी कार्ड. मुलीचं पिवळं निघालं की उठायचं. दोन पिवळ्यांच्या घरात दर वेळी चारात एक लाल यायची शक्यता असते. हे गणित मीच बाबांना चार शेंगदाणे मांडून शिकवलं होतं. दोन स्थळं त्यावरून मोडली. एका घरची बाई म्हणाली, "आमी पोरगी पाह्यले बलावलं, अन् तुमी रक्त पाहून राह्यले!" तरी आम्ही उठलो.

मग राहुलला प्रणाली आवडली. ती फुलसावंगीची. एका लग्नात भेट झाली, फोनवर बोलणं वाढलं. राहुल दारव्ह्याला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, अबोल मुलगा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा घरात काही मागितलं. कार्ड पाहिलं. पिवळं.

बाबा नाही म्हणाले. राहुल दोन दिवस जेवला नाही. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात विज्ञान शिकलेली मी होते.

आणि मी हो म्हटलं. का म्हटलं, ते सांगण्यासाठी काही महिने मागे जावं लागेल.

त्या संध्याकाळी विहारात

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचन झालं की कोणी शिकलेलं माणूस दहा मिनिटं काहीतरी उपयोगाचं सांगतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म, बचत गट, डेंग्यू. त्या दिवशी माझी पाळी होती.

आदल्या आठवड्यात माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला होता. सिकलसेलवर जनुक दुरुस्त करण्याचा उपचार निघाला, रोग मुळापासून संपणार, असं त्यात एक माणूस हिंदीत जोरजोरात सांगत होता. मी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा रडले. बातमी खोटी नव्हती, हे आधीच सांगते. असा उपचार खरोखर आहे. मी त्याच्यापुढे जे जोडलं, ते खोटं होतं.

मी लोकांना सांगितलं की शरीराच्या प्रत्येक पेशीत एक लिहिलेला मजकूर असतो, आमच्या मजकुरात एक अक्षर चुकलेलं आहे, आणि तेवढंच अक्षर कापून नीट करणारी कात्री आता सापडली आहे. समोर सगळे चेहरे कोरे. मला वाटलं, यांच्या भाषेत सांगावं.

"आपल्या बीटी कपाशीसारखं समजा," मी म्हटलं. "बियातच बदल केला, तर बोंडअळी खात नाही. तसंच हे. माणसाचं बीच बदलून टाकायचं."

आता सगळ्यांच्या माना हलल्या. शेजारचे कवडूकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, बीटीवर तं गुलाबी अळी आलीच नं! मंग माणसावर कोणती येईन?"

विहारात हशा पिकला. मीही हसले. तो प्रश्न गमतीचा नव्हता, हे तेव्हा कळलं नाही.

मग मागून बाबा बोलले. बाबा चौथी शिकलेले. सभेत कधी बोलत नाहीत.

"सुजाता, हे उभ्या झाडाले करते, का बियाले?"

"बाबा, एकदा बदललं की सगळंच बदलते," मी म्हटलं. "आज ना उद्या पोटातल्या बाळाचंही दुरुस्त करतील. पुढची पिढी कोरी."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर कोण स्वतःचं बोलणं तपासून पाहतं?

घरी जाताना बाबा पुन्हा म्हणाले, "फवारा मारला तं त्या झाडावरची अळी मरते. सरकी तं जशीच्या तशी राह्यते नं."

"बाबा, प्रत्येक गोष्टीत शेत नका आणू," मी म्हटलं.

ते पुढे चालू लागले. आणि राहुलच्या वेळी मी हेच सगळं पुन्हा सांगितलं. दोन पिवळी असली तरी आता भिण्यासारखं काही नाही, विज्ञान पुढे गेलं आहे. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तू म्हणतं तं होय." माघात विहारातच लग्न लागलं. मी प्रणालीला स्वतः निवडून साडी घेतली.

उभ्या झाडाला

पावसाळ्यात मला नागपूरच्या एका रुग्णालयातून बोलावणं आलं. त्या उपचारासाठी कोण रुग्ण तयार आहेत, याची यादी करत होते आणि आधी सगळ्यांना नीट माहिती देत होते. बाबा सोबत आले. प्रणालीला तेव्हा तीन महिने होऊन चौथा लागला होता. गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंनी तिला दोघांची कार्डं घेऊन यवतमाळला सल्ल्यासाठी जायला सांगितलं होतं. तिने उत्तर दिलं होतं, "आमच्या ताई हायेत नं घरात." मीही म्हटलं, मी नागपूरला जाणारच आहे, तिथेच विचारून येते.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी कागदावर हाड काढलं. हाडाच्या आत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी. त्या बाहेर काढायच्या, दुरुस्त करायच्या. तोवर जोराचं औषध देऊन हाडातली जुनी वस्ती रिकामी करायची. केस जातात, तोंड येतं, काही आठवडे एकटीने बंद खोलीत राहावं लागतं. मग दुरुस्त पेशी परत सोडायच्या. मी वहीत लिहून घेत होते.

"त्या औषधामुळे पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "ते आधी समजून घ्या. आणि उपचार यशस्वी झाला तरी बदलेल ते तुमचं रक्त. तुमची बीजं आहेत तशीच राहतील."

मी लिहिता लिहिता थांबले.

बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "म्याडम, म्हणजे हे उभ्या झाडाले करते, का बियाले?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "काका, इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही. उभ्या झाडाला. बी तसंच राहतं."

"अन् बियाले केलं तं?"

"ते बाळाच्या अगदी पहिल्या पेशीत करावं लागेल. आपल्या देशात त्याला परवानगी नाही. कात्री चुकीच्या जागी चालली, तर ती चूक त्या बाळाच्या नातवंडांपर्यंत जाईल. आणि त्या बाळाला तर कोणी विचारलेलंच नसतं."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मंग राहुलचं?"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी त्यांना विचारलं, हे पाणी उकळलेलं आहे का? हे मी का विचारलं, ते आजही मला सांगता येत नाही. अठरा वर्षं आजार अंगावर काढला, हाडात घण बसत असताना मी जागी राहिले. असा हादरा कधी बसला नव्हता. तेव्हा दुखणं माझ्या रक्ताचं होतं. हे माझ्या तोंडातून निघालेलं होतं.

बाबांनीच सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "कितवा महिना?" आणि म्हणाल्या, "गर्भजलाची तपासणी करता येते. याच आठवड्यात घेऊन या."

परतीच्या बसमध्ये बाबांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही.

घरी

मी स्वयंपाकघरातच आई, राहुल आणि प्रणाली तिघांना सांगितलं. राहुल म्हणाला, "तू म्हणली होती." तेवढं बोलून तो उठून गोठ्याकडे गेला.

आईने सोडलं नाही. "शिकून काय केलं वं तू? बाप अडाणी, त्याले समजलं. अन् तुले नाई समजलं? वरून त्यालेच गप बसवलं सगळ्यायच्या म्होरं!"

प्रणाली पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं नाही. "म्हणजे पोटातलं दुरुस्त करणं, ते नाही होत?"

"नाही होत."

"कधीच?"

"आपल्यासाठी नाही."

"पण तुमी तं विहारात सांगतलं होतं," ती म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

वर्षावास पुन्हा सुरूच होता. त्याच आठवड्यात वाचनानंतर मी उभी राहिले आणि गेल्या वर्षी मी काय चुकीचं सांगितलं ते एकेक करून सांगितलं. कवडूकाकांनी विनोद केला नाही. मागून मंदाबाई उठल्या. त्या आमच्याच गल्लीतल्या.

"मंग आमच्या पोरीचं जमून राह्यलं, त्याईचं दोघायचं पिवळं हाये. तूच म्हणली होती चालते म्हून."

"मंदाबाई, मी चुकीचं बोलली होती."

"अन् आता खरं बोलून राह्यली हे कायवरून?"

मी त्यांना यवतमाळच्या सल्ला केंद्राचा पत्ता लिहून दिला आणि म्हटलं, माझं ऐकू नका, तिथे जाऊन विचारा. त्या जाऊन आल्या. ते लग्न थांबलं. मंदाबाईंची मुलगी आता माझ्याशी बोलत नाही, रस्त्यात भेटली की ओढणी सावरून पलीकडे जाते.

आईला विचारलं

तपासणी झाली. अहवाल यायला दिवस लागणार होते. त्या दिवसांत एका दुपारी प्रणाली माझ्या खोलीत आली आणि दार लोटून खाली बसली.

"ताई, एक इचारू? राग नका मानजा. तुमचा दुखण्याचा एक दिवस पुरा सांगा मले. धीराचं नका सांगू."

मी सांगितला. सकाळी पोटऱ्या जड होण्यापासून ते इंजेक्शनचा असर उतरून पुन्हा सुरू होण्यापर्यंत. कपड्यातच लघवी झाली ती वेळही सांगितली, ती मी कोणालाच सांगितलेली नव्हती. तिने ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, आता दुसराही दिवस ऐक. आणि पदवीचा दिवस सांगितला, वॉर्डातल्या सिस्टर पेढे मागत होत्या तो. माझ्या वर्गातली मुलगी विज्ञान प्रदर्शनात पहिली आली तो. आजच्या गोळ्यांमुळे किती फरक पडतो, हेही सांगितलं.

"अन् तुमच्या मायले अगोदर माहीत असतं तं?" ती म्हणाली.

प्रणाली गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. आई सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तेच विचारलं. तुला चौथ्या महिन्यात माहीत असतं, तर मला ठेवलं असतं का?

आईचे हात थांबले नाहीत. एक खडा काढून तिने लांब फेकला.

"नसती ठेवली," ती म्हणाली.

कोंबडी त्या खड्याकडे धावली आणि परत फिरली.

"तुले पाह्यलं नव्हतं नं तवा," आई म्हणाली. "आता पाह्यलं. आता कायले इचारतं?"

तिच्या सुपातली डाळ मीही निवडू लागले. मला वाईट वाटलं का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं. माझ्या आईने मला खरं सांगितलं. आमच्या घरात त्या दिवसांत तेवढं एकच होतं ज्यावर पाय ठेवता येत होता.

तुमच्यासाठी

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात लाल किंवा पिवळं कार्ड असेल. नव्या उपचाराचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येतील. आशा ठेवा, मीही ठेवली आहे. माझं नाव त्या यादीत अजून आहे. संमतीचा कागद मी घरी आणला आहे आणि त्यावर सही केलेली नाही. मूल होण्याबद्दलची ओळ मी रोज वाचते. सही करेन असं काही दिवस वाटतं, काही दिवस वाटत नाही.

एवढंच सांगते की माझ्या बाबांचा प्रश्न जवळ ठेवा. डॉक्टरांना विचारा, हे उभ्या झाडाला आहे की बियाला. शिकलेल्या माणसाने टाळ्या घेऊन उत्तर दिलं तर आणखी एकदा विचारा. आणि आज हातात असलेलं पाहा. कार्ड आहे, लग्नाआधीचा सल्ला आहे, गोळी आहे, गर्भाची तपासणी आहे. हे सगळं माझ्या घराच्या दारापर्यंत आलेलं होतं. मीच ते फाटकाबाहेर थांबवलं होतं.

राहिलेलं

अहवालाचं लिहायचं मी टाळत आले आहे. अहवाल आमच्या भीतीसारखाच आला. बाळ लाल कार्डाचं होतं.

डॉक्टरबाईंनी राहुल आणि प्रणालीला बोलावून समजावलं. आता उपचार पूर्वीसारखे नाहीत, अशी मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, कोणाला त्रास कमी होतो, कोणाला जास्त, आधी सांगता येत नाही. बाळ ठेवणं किंवा न ठेवणं, दोन्ही वाटा कायद्याने खुल्या आहेत आणि ठरवायचं तुम्ही. बोलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच खोलीत बसले होते.

प्रणालीने चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी चुलीजवळ तिने सांगितलं की तिला नाही जमणार. राहुल रडला. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ताई, तुमी चला संगं," प्रणाली मला म्हणाली.

आई म्हणाली, "तिले कायले? ती नाई जाणार. तिनं कायले पाहावं हे?"

"मले त्याच पाह्यजे," प्रणाली म्हणाली.

मी गेले. भरती करताना तिथल्या सिस्टरनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, अर्ज हाताने लिहून द्यावा लागतो. प्रणालीने दोन ओळी लिहून खोडल्या. सिस्टर म्हणाल्या, "सोबत शिकलेलं कोणी असेल तर त्यांनी लिहा, खाली सही हिची."

मी लिहायला घेतलं. नाव, गाव, तालुका, वय. कितवा आठवडा. मी माझ्या इच्छेने, पूर्ण समजून. मग कारण.

"आजाराचं नाव लिहा, पूर्ण," सिस्टर म्हणाल्या.

मी लिहिलं. वर्गात फळ्यावर लिहून देते तसं, सुवाच्य, एकेक अक्षर सुटं. सगळ्यात व्यवस्थित ओळ तीच आली. मी कागद प्रणालीकडे सरकवला. तिने सही केली, आणि मग वर जाऊन ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिने माझं मनगट धरलं.

"ताई, हे तुमच्याबद्दल नाही लिहिलं."

"माहीत आहे मला," मी कागदाकडे पाहत म्हटलं.

तिने मनगट सोडलं नाही.

"मंग माह्याकडे पाहा नं," ती म्हणाली.

सिस्टर कागदासाठी हात पुढे करून उभ्या होत्या. मान वर करायला मला फार वेळ लागला.